मौनाला आकार देणारा शिल्पी : ऑगस्टस सेंट-गॉडन्स

समाधिस्थळी उभारलेले स्मारक सहसा दिवंगताचे नाव, कूळ व कर्तृत्व सांगते. वॉशिंग्टन येथील रॉक क्रीक दफनभूमीत मात्र अशी एक कांस्यमूर्ती आहे की, जिच्यावर नाव नाही, तिथी नाही, एक अक्षरही नाही. ती घडविणारे थोर शिल्पकार म्हणजे ऑगस्टस सेंट-गॉडन्स.

त्यांचा जन्म १ मार्च १८४८ रोजी आयर्लंडमधील डब्लिन येथे झाला. वडील फ्रेंच, आई आयरिश. दुष्काळाच्या त्या वर्षांत हे कुटुंब तान्ह्या बाळाला घेऊन अमेरिकेस आले. वडिलांचा व्यवसाय चर्मकाराचा. घरची परिस्थिती बेताची असल्याने वयाच्या तेराव्या वर्षीच ऑगस्टस शिंपल्यांवर व रत्नांवर सूक्ष्म कोरीवकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस राहिले. दिवसा काम आणि रात्री चित्रकलेचे वर्ग, असा त्यांचा क्रम असे. १८६७ मध्ये ते पॅरिसला गेले व पुढे रोममध्ये त्यांनी साधना केली. १८८१ मध्ये न्यूयॉर्क येथे नौसेनापती फॅरागट यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली.

६ डिसेंबर १८८५ रोजी इतिहासकार हेन्री अॅडम्स यांच्या पत्नी मॅरियन यांनी आपल्या हाताने जीवनाचा अंत केला. पित्याच्या निधनानंतर त्या खोल विषादात बुडाल्या होत्या. अॅडम्स यांनी या दुःखाविषयी जवळजवळ आजन्म मौन पाळले. १८८६ मध्ये ते चित्रकार जॉन ला फार्ज यांच्यासह जपानला गेले. तेथील बुद्धमूर्तींच्या मुद्रेवरील अथांग शांती त्यांच्या मनात घर करून राहिली. परतल्यावर त्यांनी पत्नीच्या स्मारकाचे काम सेंट-गॉडन्स यांच्याकडे सोपविले. मूर्तीत पूर्वेची ती शांती असावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

सेंट-गॉडन्स यांनी पूर्वेचा प्रवास कधी केला नव्हता. त्यांचे संस्कार ग्रीक व इटालियन शिल्पांचे. त्यामुळे बुद्धमूर्तीचे अनुकरण करणे त्यांनी टाळले व पाश्चात्त्य शिल्पाच्याच भाषेत त्या शांतीचा शोध घेतला. १८९१ मध्ये स्मारक पूर्ण झाले. शिळेला टेकून बसलेली, मस्तकावरून वस्त्र ओढलेली, दृष्टी खाली वळविलेली ही आकृती स्त्रीची की पुरुषाची, हेही निश्चित सांगता येत नाही. तिच्यात आक्रोश नाही, तसेच स्वर्गाचे आश्वासनही नाही. समोर स्थापत्यविशारद स्टॅनफर्ड व्हाइट यांनी दगडी आसन योजिले आहे. लोक या मूर्तीला शोकाची मूर्ती म्हणू लागले, ते अॅडम्स यांना रुचले नाही. १९१८ मध्ये तेही तेथेच, नावाविना, विसावले. पुढे एलिनॉर रूझवेल्ट आपल्या दुःखाच्या काळात या आसनावर येऊन बसत.

जैन परंपरेतही मृत्यूच्या स्मरणाला शिल्पाची जोड आहे. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर सल्लेखनापूर्वक देह ठेवलेल्या साधकांच्या स्मरणशिला आजही दिसतात. तेथील मरण व्रताने, सजगतेने स्वीकारलेले. वॉशिंग्टनच्या मूर्तीमागे मात्र अकल्पित आघात आहे. हा भेद मूलभूत असून तो विसरता कामा नये. तरीही शोकाला बाहेर उधळू न देता अंतर्मुख करावे, हा भाव दोन्हीकडे जाणवतो. तीर्थंकरांच्या मूर्तीतील अर्धोन्मीलित दृष्टी ज्याने पाहिली आहे, त्याला ती मिटल्यासारखी दृष्टी सर्वस्वी परकी वाटणार नाही.

सेंट-गॉडन्स यांची कार्यनिष्ठा विलक्षण होती. बोस्टन येथील कर्नल शॉ व त्यांच्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या स्मारकासाठी त्यांनी चौदा वर्षे वेचली. ते १८९७ मध्ये सिद्ध झाले. १९०० मध्ये कर्करोगाचे निदान झाले, १९०४ मध्ये कार्यशाळेला आग लागून बरेच काम भस्मसात झाले. तरी त्यांचे हात थांबले नाहीत. ३ ऑगस्ट १९०७ रोजी न्यू हॅम्पशायरमधील कॉर्निश येथे त्यांनी देह ठेवला.

त्यांनी वीरांचे भव्य पुतळे घडविले, राष्ट्राची सुवर्णनाणीही सजविली. परंतु रॉक क्रीकच्या त्या निनावी मूर्तीसमोर आजही माणसे बोलणे थांबवून क्षणभर स्वतःकडे वळतात. शिल्पकाराच्या तपश्चर्येचे याहून मोठे फळ ते कोणते?