भाऊसाहेब बांदोडकर



गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी आपल्या पेडण्यात झाला. खाण व्यवसायात त्यांनी पैसा व नाव दोन्ही कमावले. गोवा १९६१ साली मुक्त झाला आणि २० डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले.

त्या वेळी पेडणे, डिचोलीत शेत कसणारा एक आणि मालक दुसरा, अशी स्थिती होती. खंड चुकता केला की कुळाच्या घरात भात थोडेच उरे. भाटकाराने जा म्हटले की जावे लागे. स्वतः श्रीमंत असलेल्या भाऊसाहेबांच्या सरकारने १९६४ साली कूळ कायदा केला. कुळाला मनमानीने हाकलणे बंद झाले, खंडावर मर्यादा आली. शिवाय गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. आपल्या कित्येक पालकांचे आईवडील त्याच शाळांत पहिली अक्षरे शिकले.

महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे ही त्यांची इच्छा मात्र १९६७ च्या जनमत कौलात नामंजूर झाली. तरी त्याच वर्षी लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले!

१२ ऑगस्ट १९७३ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. मुंडकार कायदा आणि कसणाऱ्याला मालकी देणारी १९७६ ची दुरुस्ती त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर यांच्या कारकिर्दीत झाली. मुंडकारांचे कितीतरी दावे आजही मामलेदार कचेरीत पडून आहेत. पालकांनी एक-चौदाचा उतारा काढून आजोबांचे नाव कूळ म्हणून लागले आहे का, ते जरूर पाहावे.