दाताकडे पुलासारखं बघणारे जी. व्ही. ब्लॅक

परभणीत माझ्या दाढेचं रूट कॅनाल झालं, पण दोन्ही बाजूच्या भिंती किडीने गेलेल्या. नुसत्या फिलिंगवर भागेल का? उत्तर शोधताना मला ग्रीन वर्डिमन ब्लॅक सापडले.

जन्म १८३६, अमेरिकेतलं इलिनॉय. शाळा फारशी नाही. धंदा एका डेंटिस्टच्या हाताखाली शिकले. दाताकडे मात्र पुलासारखं बघायचे: भार किती, तडा कुठून? चावण्याचा जोर मोजायचं यंत्रच त्यांनी बनवलं. १८९५ मध्ये दातात भरायच्या चांदीचं टिकाऊ मिश्रण दिलं. १९१५ मध्ये ते गेले.

चांदी अडकून बसावी म्हणून चांगला दातही कोरावा लागे. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी आम्लाने दात खरबरीत करून फिलिंग चिकटवायची वाट दाखवली. म्हणून आज कॉम्पोझिटसाठी कोरणं कमी. पण लाइटखाली घट्ट होताना ते आकसतं, उरलेल्या भिंती ओढतं.

१९८९ च्या एका प्रयोगात नुसत्या रूट कॅनालने दाताचा ताठपणा ५ टक्केच घटला. दोन्ही बाजू कोरल्यावर ६३ टक्के. म्हणजे दात कमजोर होतो तो भिंती गेल्यामुळे.

मी कॅप बसवली. तुम्ही डॉक्टरांना आधी विचारा, भिंती किती उरल्यात?