मँचेस्टरचे आचार्य ऑस्बर्न रेनॉल्ड्स

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्यांना मँचेस्टर हे नाव नवे नाही. एकेकाळी तेथील मलमल व धोतरजोड्यांनी आपल्या बाजारपेठा व्यापल्या होत्या, आणि १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली तीही याच मालाची. परंतु त्या नगरीतील कापूस व लोखंडाच्या व्यापाऱ्यांनी विद्येसाठी काय केले, आणि त्यांच्या द्रव्याचे सोने करणारे प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स कोण होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

जॉन ओवेन्स नावाचे एक अविवाहित कापूस व्यापारी १८४६ साली निवर्तले. मृत्युपत्राद्वारे त्यांनी सुमारे ९६ हजार पौंड महाविद्यालयासाठी ठेवले. विद्यार्थी वा शिक्षक यांच्यापैकी कोणाचाही धर्मपंथ विचारला जाऊ नये, अशी त्यांची अट होती. ज्या काळी ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये चर्चच्या अनुयायांखेरीज इतरांना अनेक दारे बंद होती, त्या काळी एका व्यापाऱ्याने घातलेली ही अट मला त्या रकमेहूनही मोठी वाटते. १८५१ साली ओवेन्स कॉलेज सुरू झाले.

पुढे तेथील कारखानदारांना वाटू लागले की यंत्रविद्या केवळ कारखान्यात उमेदवारी करून शिकणे पुरेसे नाही. रेल्वे इंजिनांचे निर्माते चार्ल्स बेयर आदींनी पुढाकार घेऊन अभियांत्रिकीच्या अध्यासनासाठी निधी उभारला. प्रथम वार्षिक २५० पौंड वेतनाची जाहिरात निघाली, परंतु मनाजोगा उमेदवार मिळेना. तेव्हा या मंडळींनी वेतन दुप्पट करून ५०० पौंड केले. देणगीदाराने एकदा दिलेल्या रकमेवर पुन्हा हात सैल करणे किती दुर्मीळ, हे संस्था चालविणाऱ्यांस ठाऊकच आहे! १८६८ साली या पदावर नेमणूक झाली ती अवघ्या पंचविशीतील रेनॉल्ड्स यांची.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ रोजी बेलफास्ट येथे झाला. वडील धर्मोपदेशक व शाळेचे मुख्याध्यापक असूनही शेतीच्या अवजारांत सुधारणा करण्याचा त्यांना नाद होता. मुलाने तोच वारसा घेतला. आधी एका यंत्रकाराच्या कारखान्यात उमेदवारी आणि मग केंब्रिजला गणित, असा त्यांचा उलटा वाटणारा क्रम होता. १८६७ साली ते गणिताच्या परीक्षेत सातवे आले. हात तेलात माखलेले आणि डोके समीकरणांत, असा हा गृहस्थ होता.

नेमणुकीच्याच वर्षी विवाह झाला आणि वर्षभरातच पत्नीचा वियोग घडला. या आघातानंतरही त्यांनी विभागाची घडी बसविली. पूल बांधू इच्छिणारा असो वा इंजिन घडवू इच्छिणारा, प्रत्येक विद्यार्थ्यास गणित, भौतिकशास्त्र व यामिकी यांचा एकच पाया हवा, हा त्यांचा आग्रह अखेरपर्यंत टिकला. वर्गातील शिकविणे मात्र सोपे नव्हते. विचारात गढून ते मूळ विषय सोडून दूर निघून जात. गणनपट्टी शिकविताना तीन गुणिले चारचे उत्तर ११.८ आले, तेव्हा आपल्या कामापुरते हे पुरेसे आहे, असे म्हणून ते पुढे गेले. त्यांचे एक विद्यार्थी म्हणजे जे. जे. थॉमसन, एका पुस्तकविक्रेत्याचे चिरंजीव. वयाच्या चौदाव्या वर्षी ते या कॉलेजात आले आणि पुढे १८९७ साली त्यांनीच इलेक्ट्रॉनचा शोध लावला.

स्वतंत्र अभियांत्रिकी प्रयोगशाळेसाठी रेनॉल्ड्स यांना जवळजवळ वीस वर्षे थांबावे लागले. पण ते हात बांधून बसले नाहीत. १८८३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग या प्रतीक्षाकाळातलाच आहे. पाण्याच्या टाकीत एक काचेची नळी, तिच्या तोंडाशी रंगाची बारीक धार आणि प्रवाह कमी-जास्त करणारी झडप, एवढीच सामग्री. पाणी संथ असता रंगाचा धागा नळीभर सरळ जाई. वेग वाढविताच एका ठिकाणी तो थरथरून विस्कटे व सारे पाणी रंगून जाई. हा बदल केवळ वेगावर नव्हे, तर वेग, नळीचा व्यास आणि द्रवाची घनता व चिकटपणा यांच्या एकत्रित प्रमाणावर ठरतो, हे त्यांनी दाखविले. नळीसाठी तो आकडा साधारण २००० च्या पुढे गेला की खळबळ टिकून राहू शकते. १९०८ पासून तो ‘रेनॉल्ड्स अंक’ म्हणून ओळखला जातो. जलवाहिनीपासून विमानाच्या पंखापर्यंत त्यावाचून चालत नाही.

१८८६ साली त्यांनी वंगणाचे शास्त्र मांडले. फिरता दांडा तेल स्वतःच निमुळत्या फटीत ओढून घेतो, तेथे दाब निर्माण होतो आणि त्या पातळ थरावर सारा भार तोलला जातो. गिरणीत हजारो चात्या अहोरात्र फिरताना ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याचे मोल वेगळे सांगावयास नको. त्यांनी पेटंट घेतलेल्या पंपाच्या रचनेवर मॅदर अँड प्लॅट कंपनीने पंप बनविले. या कंपनीचे नाव आपल्या गिरण्यांतही सर्वपरिचित झाले.

१८८७ साली यंत्रनिर्माते सर जोसेफ व्हिटवर्थ निवर्तले व त्यांच्या संपत्तीतून प्रयोगशाळा साकार झाली. खास विद्यार्थ्यांच्या प्रयोगांसाठी रेनॉल्ड्स यांनी तीन टप्प्यांत वाफ प्रसरण पावणारी इंजिने आखली. त्याच इंजिनावर १८९७ साली मूर्बी या सहकाऱ्यासह त्यांनी उष्णता व कार्य यांचे प्रमाण नव्याने मोजले. हे प्रमाण प्रथम काटेकोरपणे मोजणारे जूल हेही त्याच परिसरातले.

१९०५ साली, सदतीस वर्षांच्या सेवेनंतर, प्रकृती खालावल्याने ते निवृत्त झाले. त्यांचेच माजी विद्यार्थी डंकर्ली यांनी अध्यासन सांभाळले. २१ फेब्रुवारी १९१२ रोजी सॉमरसेटमधील वॉचेट येथे रेनॉल्ड्स यांनी देह ठेवला. ओवेन्स कॉलेजमधून उदयास आलेल्या मँचेस्टर विद्यापीठाने त्यांचे ते १८८३ चे काच-नळीचे उपकरण जपून ठेवले आहे.