कुरणात भरलेली शाळा : ताराबाई मोडक

शाळेत न येणाऱ्या मुलाविषयी आपल्याकडे दोनच निष्कर्ष काढण्याची रीत आहे : मुलाला शिकण्याची आवड नाही, किंवा आईबापांना शिक्षणाची किंमत नाही. तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो, की शाळाच चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी भरत नाही ना? ताराबाई मोडक यांनी आयुष्याची अखेरची जवळजवळ तीस वर्षे या तिसऱ्या प्रश्नाला वाहिली, आणि त्याचे उत्तर शोधत त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वारली पाड्यांपर्यंत, रानापर्यंत जाऊन पोहोचल्या.

त्यांचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. स्त्रीशिक्षणाला अनुकूल असे ते घर होते. 1914 साली ताराबाई बी.ए. झाल्या. विवाहानंतर अमरावतीस संसार मांडला, परंतु तो टिकला नाही. 1921 मध्ये त्या विभक्त झाल्या आणि पुढे राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य म्हणून काम पाहू लागल्या. त्या काळी एकट्या स्त्रीला असे मानाचे पद लाभणे ही लहान गोष्ट नव्हती. तरीही 1923 साली ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाईंनी तेथे 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले होते. मारावाचून, धाकावाचून मूल शिकते, हे तेथे ताराबाईंनी रोजच्या अनुभवाने पाहिले. 1926 मध्ये उभ्या राहिलेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या उभारणीत त्या गिजुभाईंच्या बरोबरीने होत्या. 1936 साली दादरला शिशुविहार निघाले आणि मुंबईच्या मध्यमवर्गाला बालशिक्षण म्हणजे काय ते कळू लागले.

येथेच त्या थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. पण ताराबाईंच्या मनाला एक शंका छळत होती. माँटेसरी पद्धतीची साधने अत्यंत विचारपूर्वक घडविलेली असतात. एक ते दहा सेंटिमीटर बाजूचे दहा लाकडी घन एकावर एक रचता रचता मुलाला लहानमोठेपणाची जाण येते. ठोकळ्याच्या भोकात चुकीचा दट्ट्या बसतच नाही, म्हणून चूक मुलाची मुलालाच कळते. मात्र ही साधने महाग. ज्याच्या घरी दोन वेळची भाकरी नाही, त्याच्या वाट्याला ती येणार कशी? आणि आली नाहीत, तर हे शास्त्र केवळ पैसेवाल्यांच्या मुलांपुरतेच समजायचे काय?

या शंकेचा निकाल लावण्यासाठी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, 1945 मध्ये, त्यांनी समुद्रकाठचे बोर्डी गाव गाठले व ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. याच कामात अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा, पुण्यात शिक्षिकेची नोकरी करत होत्या. पुढे या दोघींची नावे एका श्वासात घेतली जाऊ लागली.

बोर्डीत बालवाडी उघडली, परंतु ज्यांच्यासाठी ती उघडली त्या वस्तीतील मुले तेथपर्यंत येईनात. तेव्हाच्या भाषेत ज्याला हरिजनवाडा म्हणत, तेथील मुलांना गावातल्या शाळेचा उंबरठा परका होता, आणि तो परकेपणा कोणी शिकवला हे सांगण्याची या स्मरणिकेच्या वाचकांना गरज नाही. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात, झाडाच्या सावलीत ती भरू लागली. मुलांना आंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हाच पहिला पाठ. अंगणात भरते म्हणून ‘अंगणवाडी’. आयांना कामे करता करता आपले मूल काय शिकते ते दिसे, हा त्या उघड्या जागेचा आणखी एक लाभ.

1956-57 च्या सुमारास हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्या परिसरातील वारली शेतकऱ्यांनी 1945 मध्येच गोदावरी परुळेकर व किसान सभेच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. ताराबाईंचा मार्ग वेगळा होता. मोर्चा तो मोर्चा आणि बालवाडी ती बालवाडी. परंतु वेठ मोडल्याशिवाय मूल मोकळे होत नाही, हे मान्य केले तरी मोकळ्या झालेल्या मुलाला कोणीतरी शिकवावे लागतेच.

कोसबाडला ताराबाईंनी केलेले काम हे माझ्या मते शब्दाच्या खऱ्या अर्थाने संशोधन होते. मूल शाळेत का येत नाही याची कारणे त्यांनी पाड्यावर जाऊन पाहिली. मोठी बहीण धाकट्या भावंडाला सांभाळत घरी बसते, म्हणून शाळेला पाळणाघर जोडले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदणारी ही ‘विकासवाडी’. जी मुले दिवसभर राबत, त्यांच्यासाठी रात्रशाळा. आणि जी गुरे घेऊन रानात जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा : गुरे चरतात तेथे शिक्षकाने जायचे आणि गुरांवर नजर ठेवत मुलांनी शिकायचे. मुलाने गुरे सोडून शाळेत यावे, असा हट्ट धरला असता तर घरच्यांनी शाळाच सोडवली असती. कुरणशाळेने मुलाच्या पाठीवरचे काम उतरवले नाही, हा आक्षेप घेता येईल, आणि तो खोटा नाही. परंतु काम उतरेपर्यंत अक्षरांनी वाट पाहायची काय, असा प्रतिप्रश्नही तितकाच खरा आहे.

साधनांचा प्रश्न रानानेच सोडवला. बिया, शिंपले, गारगोट्या, पाने, काटक्या, पिसे, माती यांतून मोजणी, आकार, रंग, वजन यांचे पाठ तयार झाले. वारली मूल झाडे ओळखते, पाखराच्या आवाजावरून पाखरू सांगते. शहरी मुलाला जे चित्रातून शिकवावे लागते ते त्याच्या हाताखालून रोज जाते. पुस्तकाची मराठी त्याच्या बोलीपेक्षा निराळी असली तरी चिंचोका हा दोन्हीकडे चिंचोकाच. येथे एक अडचण मात्र नजरेआड करता येत नाही. लाकडी दट्ट्या मुलाची चूक दाखवतो. गारगोटी दाखवत नाही. गारगोट्यांचा क्रम चुकला तर तो पाहणारा डोळा शिक्षिकेचा असावा लागतो. म्हणजे साधन जितके स्वस्त, तितकी शिक्षिका अधिक जाणती हवी. ताराबाईंनी बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणावर एवढा भर का दिला, याचे उत्तर मला येथे सापडते. पुढे ज्यांनी ज्यांनी चार बिया टोपलीत ठेवून निसर्गशिक्षण झाले असे मानले, त्यांच्या हातून नेमका हाच भाग निसटला.

भारत सरकारने 1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण दिले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. पोषण आणि लसीकरणाचे मोठे काम त्या केंद्रांनी केले. शिकवण्याचा भाग मात्र अनेक ठिकाणी खिचडीच्या पातेल्यामागे राहिला. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालवले. 1992 मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर बोर्डीच्या अंगणात बसलेल्या पहिल्या मुलांची नातवंडे शाळेच्या वयाची झाली होती.