विश्लेषण : सुरुंग काढत राजौरीची वाट मोकळी करणारे रामा राघोबा राणे कोण होते?

रस्त्यात पुरलेला एक सुरुंग अख्खा रणगाडा अडवू शकतो. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर हाच धोका होता. तो दूर करणाऱ्या तुकडीचे प्रमुख होते सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे.

जडणघडण कशी झाली?
कारवारजवळच्या चेंडिया गावात २६ जून १९१८ रोजी जन्मलेले राणे १९४० मध्ये बॉम्बे इंजिनीअर्समध्ये भरती झाले. प्रशिक्षणात ते सर्वोत्तम रिक्रूट ठरले. पुढे ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले.

सुरुंग शोधायला कसे शिकवतात?
तबकडी, दांडा, बॅटरी आणि हेडफोन जोडायचे. आधी माहीत असलेल्या धातूच्या तुकड्यावर यंत्र तपासायचे. तबकडीतल्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात धातू आला, की कानातला आवाज बदलतो. मात्र खाली खिळा आहे की सुरुंग, हे यंत्राला सांगता येत नाही. लाकडी पेटीतला सुरुंग तर निसटूही शकतो. म्हणून शेवटी माती हातानेच हळूहळू टोचून पाहावी लागते.

राजौरीच्या वाटेवर काय घडले?
८ एप्रिलला काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान ठार झाले. राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले. तरीही राणे यांनी तुकडी सावरली. ११ एप्रिलच्या रात्रीपर्यंत गोळीबारात सुरुंग काढत, आडवे टाकलेले पाइन वृक्ष स्फोटाने उडवत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत पोहोचले.

पुढे काय झाले?
१९५० मध्ये त्यांना परमवीर चक्र जाहीर झाले. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले. १९९४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.