विश्लेषण : ग्रंथपालांना शिकवणारा पहिला वर्ग बडोद्यात कसा भरला?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील एखाद्या गावच्या वाचनालयात संध्याकाळी डोकावले तर देवघेव, दाखलनोंद, वर्गणीच्या पावत्या आणि झाडलोट अशी सगळी कामे एकच माणूस करताना दिसतो. त्याला ग्रंथपाल म्हणतात. हे काम शिकावे लागते, शिकवावे लागते आणि त्याचा खर्च सरकारने उचलावा, हा विचार भारतात सर्वप्रथम प्रत्यक्षात आणला तो बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी, १९११मध्ये.

पुणे जिल्ह्याशी संबंध काय?

बडोद्याच्या गायकवाडांचे मूळ खेड तालुक्यातील दावडीचे. सयाजीराव मात्र जन्मले नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे, ११ मार्च १८६३ रोजी, घराण्याच्या दूरच्या शेतकरी शाखेत. त्यांचे नाव गोपाळराव. मल्हाररावांना इंग्रजांनी पदच्युत केल्यानंतर महाराणी जमनाबाईंनी १८७५मध्ये या मुलाला दत्तक घेतले. बाराव्या वर्षी बडोद्यात आला तेव्हा त्याला लिहिता-वाचता जवळपास येत नव्हते. पुढची सहा वर्षे शिक्षकांच्या हाताखाली कसून अभ्यास झाला आणि १८८१च्या अखेरीस त्यांनी कारभार हाती घेतला. अक्षरओळख उशिरा झालेल्या या माणसाला वाचनाची किंमत राजवाड्यात जन्मलेल्यांपेक्षा अधिक कळली असावी. तो केवळ तर्क आहे; पण त्यांचे पुढचे निर्णय त्याच दिशेने जातात.

शाळांवरून ग्रंथालयांकडे कसे वळले?

१८९३मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६पासून तो संपूर्ण संस्थानात लागू झाला. पण चार इयत्ता शिकून शेतावर गेलेला मुलगा काही वर्षांत अक्षरे विसरतो, कारण गावात वाचायला काहीच नसते. शाळेवर केलेला खर्च असा वाया जाऊ द्यायचा नसेल तर शाळेनंतरची शाळा हवी, आणि ती म्हणजे ग्रंथालय. अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. कोणीही आत यावे, फडताळापर्यंत जावे, पुस्तक घरी न्यावे, ही तिथली रीत त्यांच्या मनात राहिली.

बोर्डन कोण?

१९१०मध्ये महाराजांनी कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बोर्डन यांना बडोद्यात आणले. मेलव्हिल ड्यूई आणि चार्ल्स कटर या अमेरिकी ग्रंथालयशास्त्राच्या दोन दिग्गजांच्या सहवासात ते काम शिकलेले होते. महाराजांनी स्वतःच्या संग्रहातील सुमारे २० हजार पुस्तके दिली आणि त्यांतून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. बोर्डन यांनी इथल्यासाठी वेगळी वर्गीकरण पद्धती बेतली.

पण या गोष्टीतला कळीचा भाग इमारत किंवा पुस्तके नव्हे. परदेशी तज्ज्ञ आज ना उद्या परत जाणार, हे महाराजांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. म्हणून १९११मध्ये बोर्डन यांच्याकडूनच स्थानिक उमेदवारांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू करवण्यात आला. भारतातील ग्रंथालय प्रशिक्षणाची सुरुवात सहसा इथूनच मोजली जाते. लाहोरच्या पंजाब विद्यापीठातील वर्ग १९१५चा, तर एस. आर. रंगनाथन यांचे मद्रासमधील काम त्यानंतरचे. १९१२पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिकही निघू लागले. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत असे. वर्गात जे एकदा शिकायचे ते नियतकालिकातून चालू ठेवायचे, अशी ही सोय. आजच्या सरकारी भाषेत त्याला निरंतर प्रशिक्षण म्हणतात.

बोर्डन १९१३मध्ये मायदेशी परतले आणि योजना कोलमडली नाही. ग्रंथालयांची सूत्रे जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे आली, पुढे न्यूटन मोहन दत्त यांनी ती सांभाळली. दुसरा अमेरिकी ग्रंथपाल बोलवावा लागला नाही. वर्ग कशासाठी भरवला होता, त्याचे उत्तर एवढ्यात आहे.

गावापर्यंत हे पोहोचले का?

पोहोचले, पण फुकट नव्हे. गावाने ठरावीक रक्कम जमवायची, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यायची आणि तेवढीच सरकारने, असा तीन हिश्श्यांचा नियम होता. मोतीभाई अमीन यांच्यासारखे कार्यकर्ते आधीपासून गावोगाव वाचनालये काढत होतेच. त्यांना या नियमाने बळ मिळाले. ज्या वस्तीला आपला हिस्सा जमवणे शक्य नव्हते तिथे फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या जात. एका पेटीत मोजकीच पुस्तके, वाहतुकीचा खर्च सरकारचा. निरक्षरांसाठी चित्रे आणि चित्रपट दाखवणारी शाखाही याच खात्यात होती. महाराजांच्या अखेरच्या काळापर्यंत संस्थानात हजाराहून अधिक ग्रंथालये झाली.

उणीव कुठे राहिली?

सयाजीरावांनी शिक्षणासाठी कायदा केला, ग्रंथालयांसाठी केला नाही. सारे काही त्यांच्या इच्छेवर आणि खात्याच्या आदेशांवर चालले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दहा वर्षांत संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. हुकमावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेला वारसा हक्क नसतो. ग्रंथालयांचा कायदा संस्थानांपैकी कोल्हापूरने १९४५मध्ये केला. महाराष्ट्राला त्यासाठी १९६७पर्यंत थांबावे लागले.

मराठीला त्यांनी दिलेले बरेच आहे. मराठी व गुजराती ग्रंथांसाठी दोन लाख रुपयांचा निधी, १९३२च्या कोल्हापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, डॉ. आंबेडकरांची शिष्यवृत्ती; हे सर्वांना ठाऊक असते. प्रशिक्षण वर्गाचा उल्लेख मात्र चरित्रांत एखाद्या ओळीत उरकला जातो.

आज बारामती-इंदापूरच्या ग्रंथपालाला काय मिळते?

१९६७च्या कायद्यानुसार शासनमान्य ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात आणि अनुदान त्या वर्गावर ठरते. छोट्या ग्रंथालयातील कर्मचाऱ्यासाठी पहिली पायरी म्हणजे ग्रंथालय संचालनालयाच्या परीक्षेचा प्रमाणपत्र वर्ग. वर्गीकरण, तालिकीकरण आणि व्यवस्थापन हे त्यातले विषय. पुढे शिकायचे तर पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा विभाग आहे आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवी. ई-ग्रंथालयसारख्या संगणक प्रणाली आल्याने जुन्या कर्मचाऱ्यालाही नव्याने शिकावे लागते.

अडचण अंतराची आणि पैशाची आहे. बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब. वाचनालयातून मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनावर घर चालत नाही, म्हणून यातील अनेकजण दिवसा शेती किंवा दुसरे काम करतात. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्गाला जायचे तर एसटीचे भाडे आणि त्या दिवसाची मजुरी दोन्ही खिशातून जातात, आणि तो दिवसभर वाचनालयाला कुलूप राहते, कारण बदली माणूस नसतो. बडोद्याच्या तीन हिश्श्यांच्या नियमात पुस्तकांना, इमारतीला वाटा होता. अशा प्रवासाचा वाटा कोणी उचलायचा, हे तालुक्यातल्या वाचनालयाच्या अंदाजपत्रकात आजही कुठल्या रकान्यात बसत नाही.