विष्णू माधव घाटगे: गडहिंग्लज ते गॉटिंगेन आणि परत

नंदुरबारला उन्हाळ्यात गच्चीवर झोपलो की वरून लुकलुकत जाणारी विमानं दिसतात. प्रत्येकाच्या नाकात एक रडार बसलेलं असतं. पण विमानात रडार बसवणं सुरुवातीला किती त्रासाचं काम होतं, माहितीये? ते समजून घेताना मला आपल्याच मातीतला एक माणूस सापडला.

विष्णू माधव घाटगे यांचा जन्म 1908 सालचा, कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावातला. मुंबईत शिकून ते जर्मनीतल्या गॉटिंगेनला गेले आणि लुडविग प्रांटल यांच्याकडे त्यांनी पीएचडी केली. विमानाच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर वेग कसा खातो, हे प्रांटल यांनी 1904 मध्ये मांडलं होतं.

आता रडारकडे येऊ. 1942 पासून जर्मनीची रात्री लढणारी विमानं टेलिफुंकेन कंपनीचं लिख्टेनश्टाइन रडार वापरू लागली. त्याच्या लहरी लांब, म्हणून अँटेनाही मोठे. हरणाच्या शिंगांसारखे दांडे नाकाबाहेर काढावे लागायचे. अंधारात शत्रू सापडायचा खरा, पण दांड्यांना हवा अडायची आणि वेग घटायचा. ब्रिटिशांनी 1940 मध्ये कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन बनवला आणि लहरी काही सेंटिमीटरवर आल्या. मग छोटी तबकडी नाकाच्या आतच मावली.

असंच लिख्टेनश्टाइनवालं लाकडी विमान, टीए 154, कुर्ट टँक यांनी बनवलं होतं. ते जुलै 1943 मध्ये उडालं, पण लाकूड चिकटवायच्या खास गोंदाचा कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला. बदली गोंदाने लाकूडच खराब केलं आणि प्रकल्प बुडाला.

घाटगे तोवर भारतात परतून कामाला लागले होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू केली. तिथे घाटगेंनी 1941 मध्ये ग्लायडर बनवलं. 1942 मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला, तोही त्यांनीच उभा केला. ऑगस्ट 1951 मध्ये त्यांचं एचटी-2 उडालं. भारतात डिझाइन होऊन कारखान्यात नियमित तयार झालेलं हे पहिलं इंजिनवालं विमान. वायुदलाचे कितीतरी वैमानिक त्यावरच शिकले.

गंमत बघा, 1956 मध्ये तेच कुर्ट टँक त्याच कारखान्यात आले. त्यांचं मारुत जून 1961 मध्ये उडालं. सांगाडा आवाजाच्या दुप्पट वेगाच्या हिशोबाने आखलेला, पण त्यासाठी धरलेलं ब्रिटिश इंजिन कधी मिळालंच नाही. कमी ताकदीच्या इंजिनांवर भागवावं लागलं. घाटगेंच्या एचटी-2 चं इंजिनही ब्रिटिशच होतं, आणि 1964 मध्ये उडालेल्या किरण या प्रशिक्षण जेटचंसुद्धा.

म्हणजे गोंद असो, मॅग्नेट्रॉन असो की इंजिन, एक भाग दुसऱ्याच्या हातात असला की अख्खं विमान अडतं. आम्ही कोड लिहिणारेही रोज दुसऱ्याच्या लायब्ररीवर उभे असतो, त्यामुळे हे मला चांगलंच पटतं.

घाटगेंना 1965 मध्ये पद्मश्री मिळाली, 1991 मध्ये ते गेले. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत त्यांचं नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं. तुम्ही ऐकलं होतं का?